गुरुवार, दोन ते चार

बार्न्सलीत चॅपलमागच्या हॉलमध्ये
रेडिएटर खोकतो, आम्ही लॅपटॉप मांडतो.
शिकवणारी मी एकाहत्तरची,
शिकणारे माझ्याहून थोरले.
मोरीन माउस उचलून टीव्हीच्या रिमोटसारखा रोखते.
"टेबलावर राहू दे गं," मी चुकून मराठीत म्हणते,
आणि ती ठेवते.

हॅरल्ड ओल्ड्रॉइड पुन्हा पासवर्ड विसरलेत.
स्क्रीन विचारतो : पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव?
"कबुतरं होती आमच्याकडे.
नावं ठेवायला वेळ कुणाला?"
मग गप्प.
मग एका बोटाने, दाणे टिपावेत तसा,
एका मादीच्या पायातल्या वाळ्यावरचा नंबर :
दोन अक्षरं, साल छप्पन्न, पुढे चार आकडे.
हिरवी पट्टी म्हणते, भक्कम.

"फ्रान्समधून सोडली होती. वाटेत धुकं.
मी परसात मक्याचा डबा खुळखुळवत उभा,
आई ओरडेपर्यंत."

आली का, हे विचारणार
तोच कुणाचा तरी स्क्रीन काळा पडला,
कुणी चहाला साखर मागितली.

घरी जाताना बसमध्ये
तोच नंबर पुटपुटत होते मी.
तुम्हाला सांगता येणार नाही.
पहिल्याच तासाला मीच शिकवलंय त्यांना,
कुणालाही सांगायचा नसतो.