डांगर

सुगतनं खेळ बनवला, आणि पहिल्यांदा माझ्याच पोराला पाठवला.
मामाचा नातू माझ्या. नागपुरात असतो,
दिवसाही पडदे ओढून बसतो;
म्हणतो, आत्या, अंधार रंगवायला अंधारच लागतो.

गोष्ट तीच. बुडी लेकीकडे निघाली,
वाटेत वाघ, वाघाला थाप,
परतताना भोपळ्यात बसून घरंगळणं.
भोपळा पुस्तकातला. आमच्या मांडवावर डांगर.

पण सुगतच्या खेळात चंद्र नाही.
झाडांना पानं नाहीत, सालीला भेगा,
भेगांत डोळे, कुणाचे ते शेवटपर्यंत कळत नाही.
डांगर आतून ओलं, बिया पायाला चिकटतात.
ते पुढं ढकलायचे शब्द कुठल्याच बटणावर नाहीत,
फोन तोंडाशी धरून आपणच पुटपुटायचे.
जरा मोठ्यानं बोललं
की वाघाचा एक कान वळतो.

रात्री अकराला संबोध पांघरुणात पुटपुटतो.
भिंतीपलीकडून वाटतं, पोरगं तापात बरळतंय.

सिंदेवाहीपासून आत आमचं गाव.
एप्रिलात मोह गळतो, तेव्हा पहाटे चारला टोपली घेऊन निघायचं,
उशीर केला तर फुलं चितळांची.
खात्यानं मुखवटे वाटले होते, डोक्यामागं बांधायला,
वाघ पाठीवर येतो म्हणून.
आईच्या मुखवट्याचं रबर सैल होतं,
तिनं सुतळी लावली.
लोकांना सापडला तेव्हा तो हसतच होता.

पंचनामा. अंगठा. चेक. मुदतठेव.
संबोधचा फोन त्या व्याजातला.

खेळातल्या बुडीलाही मागं एक तोंड आहे.
विचारलं, हे कुठून आणलंस रे?
बराच वेळ तिकडून पंख्याचा आवाज.
मग म्हणाला,
‘तिच्यावानी दिसावं म्हणून नाही काढली वं आत्या.
मले दुसरी बुडी काढताच येत नाही.’

आणि वाघ?
वाघ थांबतो, म्हणाला. शब्द दिला की थांबतो.
खेळातला वाघ आहे न तो.

परवा पोरगं झोपल्यावर फोन घेतला.
मला खेळता येत नाही. तीनदा मेली बुडी माझ्या हातून,
प्रत्येक वेळी मी दोन्ही हातांनी फोन पालथा घातला.
चौथ्यांदा पोचली.

लेकीचं घर. लेकीला चेहरा दिलेलाच नाही,
कमरेपासून खाली लुगडं, आणि हात.
हात पत्रावळीवर भात वाढतात.
बुडी जेवते. मागचं तोंड काढून तिनं
खुंटीला लावलंय.
कोपऱ्यात बटण लुकलुकतं: डांगर कोर.

मी दाबलं नाही.

तिनं पानातलं संपवलं. हातांनी पुन्हा वाढलं.
ती जेवली.
पुन्हा वाढलं.
बाहेर वाघ खोकला एकदा, मग तोही बसला असावा.
मी भिंतीला टेकून बघत राहिले, कोंबडा ओरडेपर्यंत,
तिचा घास मोठा होता, तसाच, अंगठा आत घालून.

सकाळी संबोध वैतागला.
‘माय, अडकवला न तू खेळ! दाब न वं,
नाही तं बुडी घरी जाईन कशी?’
मी फोन दिला नाही.

सुगतला विचारलं, किती वेळ जेवेल रे ती?
‘दाबलं नाही तं?’ तो थांबला.
‘तिथलं मी काही लिहिलंच नाही आत्या.
कोणी थांबन असं वाटलं नव्हतं.’

बॅटरी चार टक्के. चार्जर लावला.
स्क्रीन विझू नये ती सेटिंग पोराकडूनच करून घेतली,
फोन फडताळात उभा केला, डब्याला टेकवून,
आणि तांदूळ धुवायला घेतले.
दोन मुठी जास्त पडले होते.
काढले नाहीत.