बाउन्स

विजयनगरच्या त्या तिसऱ्या मजल्यावर
छत काळं रंगवलंय.
म्हणजे फ्लॅश वर वळवून उपयोग नाही,
उजेड जातो तो जातोच,
उधारीसारखा.

आणि समोरून मारला तर
माणसं छाप्यात सापडल्यासारखी दिसतात,
कपाळावर तेल, बुबुळांत लाल ठिपका,
मागे भिंतीवर कापून चिकटवलेली सावली.
नंदलालपुऱ्यात बाबांच्या स्टुडिओत
असला फोटो गिऱ्हाइकाच्या हातात दिला नसता.
पण बाबांकडे पांढरी भिंत होती
आणि हलू नका म्हटल्यावर न हलणारी माणसं.

इथे शनिवारी तीनशे जण हलतात.
मी शटर जरा जास्तच उघडं ठेवतो,
जांभळे दिवे ओघळू देतो, ओघळू देतो,
आणि अगदी शेवटी फ्लॅश:
त्या ओघळात एक चेहरा थिजतो.
एखादी मुलगी खरंच हसत असते.
एखादा मोबाइलकडे बघून रडवेला,
तो मी पुसून टाकतो, कुणी सांगायची वाट न बघता.

युक्ती सापडली जुलैत.
दाराशी भेरूलाल असतो, देपालपूरकडचा,
क्लबने दिलेला पांढरा शर्ट,
छाती बंद दुकानाच्या शटरएवढी.
सहज म्हणून फ्लॅश त्याच्याकडे वळवला
आणि उजेड परत आला!
मऊ, एका बाजूने,
खिडकीशी बसवून काढावा तसा.
तेव्हापासून "भिया, जरा इकडे"
म्हटलं की तो सरकतो,
कशाला ते न विचारता, दुसरीकडे बघत.
बाउन्सरवरून बाउन्स, हा विनोद
मी एकट्यानेच केला, एकट्यानेच हसलो.
सहा महिने या शहरातली देखणी पोरं
त्याच्या शर्टामुळे देखणी दिसली.
एकाही फोटोत तो नाही.

परवा अडीचला, सगळे गेल्यावर,
(ट्यूबलाइट लावली की क्लब म्हणजे
ओला गालिचा आणि लोंबत्या वायरी)
तो कॉलर नीट करत आला.
एक माझा काढ.
कशासाठी, ते बोलला नाही.
ट्यूब नको, म्हणाला. त्यांचे काढतोस तसा.

ट्यूब बंद केल्या.
आणि मग ध्यानात आलं,
पांढरं जे काही होतं ते आता कॅमेऱ्यासमोर उभं होतं.
छत काळं. भिंती काळ्या. माझा टी-शर्ट काळा.

फ्लॅश आडवा वळवून
त्याच्यापुढे डावा हात धरला, पंजा पसरून,
उजव्याने बटण दाबलं.
तळव्याला धग लागली थोडी.

ताप आल्यासारखा दिसतोय,
स्क्रीनवर वाकून तो म्हणाला,
आणि नंबर सांगितला.

घरी रंग दुरुस्त करायला बसलो.
पट्टी निळ्याकडे नेली, परत आणली,
पुन्हा नेली.
त्याच्या गालावरचा तो तांबूसपणा
माझ्या कातड्याचा होता.
तसाच पाठवला.