टर्पेंटाईन

कॅम्पातल्या जुन्या बंगल्याच्या आवारात
पाईन एकच आहे.
बाकी ज्यांना सगळे पाईन म्हणतात, ते सुरू.
सुरूची काडी ओढली की सांध्यात सुटते, बाहुलीच्या हातासारखी.
पाईनची सुई सुटत नाही. तुटते.
तुटली की नाकात येते.

मुचंडी सरांनी मला दुपारी दोनची वेळ दिलीय.
फांदीला पारदर्शक पिशवी बांधायची,
छोट्या पंपाने आतली हवा काचेच्या नळीत ओढायची,
वहीत तापमान लिहायचं.
रखवालदार बसाप्पा खुर्ची आणून देतो,
विचारतो, झाडाला सलाईन लावलंय काय, बाई?
नाही हो, मी म्हणते, त्याचा श्वास चोरतेय.
मग मलाच ते पटत नाही.
श्वास नव्हे हा. कुरतडणाऱ्या तोंडासाठी राखलेला कडूपणा,
उन्हानं जरा जास्तच सांडणारा.

भिंगाखाली सुईचा काप:
हिरव्या गराच्या कडेला दोन बारीक वाटा,
प्रत्येकीभोवती पेशींचं एकपदरी अस्तर.
या पेशींना दुसरं काम नाही.
उन्हातून आलेली साखर घेतात, मोडतात,
पाच-पाच कार्बनच्या कड्या जोडतात
आणि झालेलं त्या वाटेत लोटून देतात, स्वतःपासून लांब,
कारण ते त्यांनाही मारेल.
अळीनं दात लावला की दाबून ठेवलेला थेंब बाहेर येतो.
हलकं ते उडतं,
जड ते तिथंच चिकट होऊन बसतं, अळीच्या जबड्यात.
चावलेली फांदी दोन-चार दिवसांनी वेगळाच वास सोडते;
सर म्हणतात, तो हुंगत बारक्या गांधीलमाश्या येतात,
अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या.
यातलं अर्धं मला पाठ आहे, अर्धं कळलंय.

पण पहिल्या दिवशी सुई चुरगळली तेव्हा
एवढंच आठवलं:
अप्पा.

शहापूरच्या गल्लीत अष्टेकर आर्ट्स, दहा बाय बारा.
ब्रश डालड्याच्या डब्यात, घोट्यापर्यंत टर्पेंटाईनमध्ये उभे.
आमटीला तोच वास, माझ्या वेणीलाही.
मराठी बोर्डाला अप्पा आधी वरची रेघ ओढायचे,
मग अक्षरं तिला टांगायचे, धुणं वाळत घातल्यासारखी.
कन्नडला रेघ नाही. ज्याचं त्याचं डोकं वेगळं, तलकट्टू.
ते शेवटी, मनगट सैल सोडून.

मी नववीत असताना हुकूम निघाला.
पंधरा दिवसांत बत्तीस बोर्ड.
वाळलेला रंग पत्र्यानं खरवडायचा,
बोळा बुडवून पुसायचं.
आधी रेघ जायची.
मग अक्षरं थोडा वेळ तशीच, बिनछपराची.
अप्पा कुणाशी काही बोलले नाहीत.
नवी अक्षरं त्यांनी देखणी काढली, दुकानदार खूश.
फक्त कोपऱ्यातली सही त्या बत्तिसांवर नाही.
आजही खडेबाजारातून जाताना मी बघते.
नाही.

मला वाटायचं, टर्पेंटाईन कारखान्यात होतं.
कुठल्या तरी डोंगरात खोडाला खाच पाडतात,
झाड जखम बुजवायला चीक धाडतं,
आपण खाली डबा लावतो,
हे सरांनी सांगितलं तेव्हा मी हातमोजे काढून
खिडकीशी जाऊन उभी राहिले थोडी.

आज सुयांची जुडी घरी नेली.
अप्पांनी बोटांत चोळली, नाकाशी धरली.
चाळीस वर्षांत नाक गेलंय त्यांचं.
माहीत होतं, तरी नेली.
“काय लागत नाही बघ,” म्हणाले.
मग एकमेकांना चिकटलेली बोटं बघत बसले,
पायजम्याला पुसली, निघेना.
“असं जात नसतंय हे,” म्हणाले,
“टर्पेंटाईन आण की जरा.”