उतारा

सकाळी साडेपाचला नव्वद, उभ्याउभ्या,
सदऱ्याचं पहिलं बटण लागावं म्हणून.
त्याला आम्ही उतारा म्हणायचो.
दारूवर दारूचाच.

फोर्टातल्या सहा मजली इमारतीत लिफ्ट चालवतो मी,
जाळीच्या दाराची, पितळी दांड्याची.
मजल्याशी उंबरा जुळवायचा तर मनगट हलकं लागतं.
नव्वद पोटात गेली की लिफ्ट बरोब्बर थांबायची.
नाही गेली तर वकिलांचे अशील ठेचकाळायचे
आणि मी मशीनला शिव्या घालायचो.

गेल्या शिमग्याला शपथ घेतली. एकदम बंद.
कुणाला न विचारता, मर्दासारखी.
पहिल्या दिवशी घाम.
दुसऱ्या दिवशी कुंदा परातीत पीठ मळत होती,
एवढंच आठवतं.
मग चावलेली जीभ, ओला लेंगा,
खोलीभर शेजारी,
एकाच्या हातात कांदा, एकाच्या चप्पल.
मावशीनं नाक्यावर उतारा ठेवला,
लिंबू, दहीभात, काळी बाहुली.
भात रात्रीच कुत्र्यानं खाल्ला.
मी सकाळी पुन्हा नव्वद.

म्हणून या खेपेला आधी परळला गेलो, हॉस्पिटलात.
डॉक्टरीण माझ्या धाकटीच्या वयाची.
हात पुढे करा, बोटं फाकवा.
रोज किती, किती वर्षं, शेवटची कधी.
फिट आली होती कधी?
हो म्हटल्यावर तिनं पेन खाली ठेवलं.
काका, सोडायचीच आहे. पण घरी, एकट्यानं, अशी तोडून नाही.
शरीराला तिची सवय झालीय,
एकदम काढून घेतली तर मेंदू पेट घेतो.
माणूस जातोसुद्धा.
एकवीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
सगळ्यांनी सांगितलं ते एकच,
मनात आणलं तर सुटते.

खाट अकरा.
आधी व्हिटॅमिनचं इंजेक्शन, मग ग्लुकोजची बाटली.
क्रम चुकवायचा नाही, लोखंडे ब्रदर म्हणाले.
क्रम पाळणारा माणूस मला आवडतो.
दर थोड्या वेळानं नाडी, बीपी, हात पुढे.
आज वार कोणता, घाडीगावकर? आपण कुठे आहोत?
खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा.
दुसऱ्या रात्री नापास झालो.
म्हणालो, चौथा मजला.
भिंतीतून मुंग्या निघत होत्या,
डोक्यावर फायली घेऊन, रांगेनं,
वर घ्या म्हणत होत्या, वर घ्या.
मी दांडा शोधत होतो, हाताला सलाईनचा स्टँड लागला.
ब्रदरनी दिवा लावला.
मुंग्यांवरून वाद घातला नाही.
मला दिसत नाहीत, म्हणाले, तुम्हाला दिसतायत.
हा वॉर्ड आहे, मी लोखंडे, ही गोळी.
मग डॉक्टरांना हाक मारली.
कुंदानं पहाटेपर्यंत माझा घोटा धरून ठेवला.
तिच्या बोटांना लसणाचा वास होता.

पाचव्या दिवशी वार बरोबर आला. शनिवार.
चहाचा पेला दोन्ही हातांनी धरला,
बशीत सांडला तेवढाच.

आता कागदावर लिहून दिलंय,
आज किती गोळ्या, परवा किती, शेवटी अर्धी, मग नाही.
डबा कुंदानं कुठेतरी ठेवलाय.
मी विचारत नाही, तीही सांगत नाही.
सहाव्यावरून खाली असंच यायचं असतं,
प्रत्येक मजल्याला थांबत.
दोर तुटलेली लिफ्टही खालीच जाते.

सोमवारी कामावर गेलो.
तिसऱ्याला चार बोटं खाली थांबली.
मशीनचं काही नाही, साहेब,
हात आहे माझा. पाय जपून टाका.

साडेपाचला जाग येते अजून.
त्या वेळेचं काय करायचं
ते कागदावर लिहिलेलं नाही.
सदरा मांडीवर घेऊन बसतो.
कुंदा भिंतीकडे तोंड करून
झोपेचं सोंग घेते,
बटणं मोजत.