जिग

उद्यमनगरात सोमवारी लेथ बंद असतात,
त्या दिवशी मला माझ्याच कीबोर्डचा आवाज ऐकू येतो.
इतर दिवशी खाली बाबगोंडा मिस्त्री बिडाचे नग फिरवतात
आणि वर माझ्या टेबलावरचा चहा बारीक थरथरत राहतो.

नऊ फौंड्र्यांची बिलं, तीन पॅटर्नवाले,
आणि शाहूपुरीतला एक गूळ-अडत्या,
जो अजून पाकिटाच्या पाठीवर रवे मोजून फोटो पाठवतो.
एवढं माझं राज्य. ते आवरायला
मी एक एक्स्टेन्शन घेतलं, टॅब मिटवणारं.
मग एक, मिटवलेले टॅब लक्षात ठेवणारं.
एक दर पंचवीस मिनिटांनी घंटा देणारं,
एक ती घंटा गप्प करणारं.
एक रोज सकाळी डोंगर दाखवायचं, बर्फाचा.
जोतिबाचा असता तर ठेवलंही असतं.

अकरा झाली तेव्हा ब्राउझरचा माथा
महाद्वार रोडवरच्या बांगड्यांच्या दुकानासारखा दिसायला लागला.
आत येताना प्रत्येकानं विचारलं होतं:
तुम्ही उघडाल त्या प्रत्येक पानावरचं सगळं वाचू का?
आणि मी, जी दूधवाल्याला उंबऱ्याच्या आत घेत नाही,
हो म्हणाले होते.
अकरा वेळा.

त्यातलं जे सगळ्यात लाडकं होतं,
ते त्याच्या मालकानं कुणाला तरी विकलं.
मला कळलं ते एका गुरुवारी,
खरेदीच्या रजिस्टरात, दोन पुरवठादारांच्या मधोमध
जाहिरात उगवली तेव्हा.
चपलांची.
कोल्हापुरात. मला. चपला.

त्या रात्री दहा काढून टाकली.
अक्षर मोठं करणारं तेवढं ठेवलं,
चव्वेचाळिसावं लागलंय.

मग स्वतःचंच करायला घेतलं.
हर्षला, बहिणीची पोरगी, फोनवरून म्हणाली,
मावशी, आधी मॅनिफेस्ट लिही.
म्हणजे आपण कोण, आणि आपल्याला काय काय लागणार.
मी लिहिलं: एक साइट. तिच्यावरचा एक रकाना. बाकी काही नको.
स्थळाच्या कागदावरसुद्धा इतकं खरं कुणी लिहीत नसेल.

तीन रात्री गेल्या.
त्यातली दीड, एक महिरपी कंस मिटवायचा राहिला म्हणून.
शेवटी चाळीस ओळी उभ्या राहिल्या:
बिलाचा नंबर उचलतात, पुढची गळलेली शून्यं लावतात,
रकान्यात ठेवतात आणि बाजूला होतात.
रोजची चार मिनिटं वाचली.
हिशेब करायची खोड, म्हणून केला:
तीन रात्री वसूल व्हायला दिवाळी उजाडणार.

खाली जाऊन मिस्त्रींना सांगितलं.
ते हसले नाहीत. हात पुसला, भिंतीकडे बोट केलं.
खिळ्या-खिळ्यावर लोखंडाचे वेडेवाकडे तुकडे,
कोनात कापलेले, भोकं पाडलेले,
सगळ्या त्यांनीच केलेल्या जिग.
"येळ वाचवाय कोण करतंय व्हय?
हाताला तेच-तेच करून राग येतोय बघ.
त्याचा राग काढायचा, म्हणून करायचं."
ती कोपऱ्यातली कसली, विचारलं.
"ती एका पंपाच्या नगाची. सत्त्याऐंशी साल.
कंपनी गेली, पंप गेला."
तिच्यावर तेलाचा हात मात्र ताजा होता.

एप्रिलमध्ये पोर्टलनं रकान्याचं नाव बदललं.
माझं बटण दाबलं जायचं, घडायचं काहीच नाही,
झोपेत कूस बदलल्यासारखं.
फाइल उघडली. आपलंच अक्षर वाचायला
थोडी लाज वाटली, एका ठिकाणी हसूही आलं.
सतराव्या ओळीत एक शब्द बदलला.
चहा थरथरला नाही, सोमवार होता.

तेवढ्यात अडत्याचा फोटो आला, पाकिटाची पाठ:
रवे बेचाळीस. वजन मागनं सांगतो.

ह्याला कुठलं बटण लावू.
फोन उचलला,
"बोला काका, जेवलाय न्हवं?"