तक्रारपेटी

तपासणी येणार म्हणून
सातपूरच्या आमच्या शाळेत
पेटीचं कुलूप फोडलं.
किल्ली कुणाकडे होती, कुणालाच आठवेना.

आत शेंगांची टरफलं, तुटकी क्लिप
आणि द्राक्षांच्या खोक्यातल्या पातळ कागदावर
बिननावाची चिठ्ठी :

'शाळेत सगळे मला ए पेठ म्हणतात.
माझी नागलीची भाकर बघून नाक धरतात.
ए पेठ पहिल्यांदा बाई म्हणल्या.'

अक्षर ओळखीचं.
ळ उलटा काढणारी सहावी ब-त एकच,
तोही स्वतःच्या नावातला.
लाल गोल मीच करते त्याला.

साहेबांना टरफलं दाखवली.

आज हजेरीत
'मंजुळा भोये' म्हणताना
जीभ अडखळली.
पोरं वळून बघायला लागली.
बऱ्याच वेळाने, मागून,
'हजर.'

चिठ्ठी अजून
माझ्याच पर्समध्ये आहे.