शंभरातून सात

सेंट पॉलमध्ये मार्चअखेर बर्फ काळं पडतं,
तेव्हा मी पेन्सिली आणि नियमावली घेऊन त्यांच्या घरी गेले.
दारात अकरा जोड बूट,
आत गवती चहा घालून उकळणारी कोंबडी.

येर शियाँग. वय, कागदोपत्री, एकोणऐंशी.
"जन्मतारीख एक जानेवारी?" मी विचारलं.
त्या बोलल्या. पाकूने इंग्रजीत सांगितलं,
"ती छावणीतल्या कारकुनाने दिली.
त्या दुपारी त्याने आमच्या अख्ख्या रांगेला
एकाच दिवशी जन्माला घातलं."

मी म्हटलं, हा घन बघा, असाच काढा.
त्यांनी पेन्सिल धरली
जसं परक्याचं तान्हं मूल धरतात:
जपून, आणि परत देण्याच्या बेताने.
सहा रेघा. एकही दुसरीला भेटेना.
शून्य, मी लिहिलं.

शंभरातून सात वजा करा. मग पुन्हा सात.
त्या पाकूकडे बघत राहिल्या.
शंभर काय?
खुलासा करू नये, असं नियमावलीत आहे.
मी प्रश्न पुन्हा तसाच वाचला.
शून्य.

बेरीज, तीसपैकी नऊ.
तक्त्यात नऊच्या पुढे एक शब्द छापलेला असतो.
मी तो उच्चारला नाही,
पाकूने माझ्या खांद्यावरून वाचला.

तो तक्ता माझ्या ओळखीचा आहे.
माझी आजी बोर्गहिल्ड आहे त्यात,
नॉर्थफील्डची निवृत्त शिक्षिका.
चर्चच्या तळघरात, कॉफी आणि दालचिनीच्या पावाच्या बदल्यात
तिने घन काढून दिला होता, फटकन,
जन्मभर फळ्यावर काढत आली तसा.
तिच्यासारख्या चारशे बाया, दीडशे पुरुष.
त्यांची सरासरी काढली
आणि तिचं नाव ठेवलं सर्वसाधारण.
आजी खोटं बोलली नाही. कुणीच बोललं नव्हतं.
तरी मापात पाप शिरलं ते तिथेच,
पाव गरम असताना.

जूनमधल्या एका शनिवारी बाजारात गेले, भाजीला म्हणून.
(ताकाला जाऊन भांडं लपवलं, दुसरं काय.)
येरबाईंच्या टेबलावर कोथिंबीर, मुळे, बोटाएवढ्या मिरच्या.
सात डॉलरची भाजी घेतली, शंभराची नोट दिली.
मान वर न करता त्र्याण्णव परत आले.
उरलेल्यातून आणखी सातची घेतली. शहाऐंशी.
आणखी. एकोणऐंशी.
बहात्तरला त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं
आणि काहीतरी म्हणाल्या. पाकू हसत सुटली:
"विचारतायत, घरी खाणारी तोंडं किती?"

टेबलावर निळं कापड होतं, त्यांच्या हातचं.
त्यावर गोगलगाईंची वेटोळी, शेकडो,
पट्टी नाही, आखणी नाही,
आणि प्रत्येक कोपरा दुसऱ्याला अचूक भेटलेला.

सोमवारी मी हे सगळं समासात लिहून नेलं.
प्राध्यापक वाईट माणूस नाहीत. चष्मा पुसत म्हणाले,
"समास मोजता येत नाही.
आणि हमाँग माणसं आपल्याकडे सहाच,
सहांचं काय सिद्ध होणार?"
सहाच का, ते मी विचारलं.
त्यांनी पुन्हा चष्मा पुसला.

येरबाईंना ते 'का' आधीपासून माहीत होतं.
"पूर्वीही आले होते लोक. दोनदा रक्त नेलं.
त्यात काय निघालं, ते सांगायला कुणी आलं नाही.
उधार नेलेलं भांडंसुद्धा माणूस रिकामं परत करत नाही."
पाकूने हे हळू आवाजात सांगितलं, खाली बघत,
जणू नेलेलं भांडं तिच्याच घरात होतं.

मग त्यांनी मला स्टुलावर बसवलं,
कापडाचा तुकडा दिला, एक वेटोळं दाखवलं.
घाल, अशी मान हलवली.
मी घातलं. त्यांनी उसवलं.
पुन्हा घातलं. टाके एकमेकांना भेटेनात.
गिऱ्हाइकं आली, मुळे गेले, ऊन टेबलावर चढलं.
मी वाट बघत होते, आता किती देतात.

त्यांनी गुण दिले नाहीत.
सुई घेतली, दोरा ओवला, चष्म्याशिवाय,
आणि परत माझ्या हातात दिली.